अमेरिकेतलं पहिलं सेमिस्टर: कुठे, कधी आणि कोणाला विचारायचं

एमएससाठी अमेरिकेला निघालेल्या मराठी मुलांना माहिती कमी पडते असं आता राहिलेलं नाही. व्हॉट्सॲप ग्रुप असतात, सीनिअर्स असतात, यूट्यूब तर आहेच. अडतं ते दुसरीकडेच. आपल्याकडच्या कॉलेजात ऑफिसातल्या शिपायापासून वर्गातल्या मित्रापर्यंत कोणी ना कोणी हाक मारतं, "अरे, तुझा फॉर्म राहिलाय." अमेरिकन विद्यापीठ एक ईमेल पाठवतं आणि तुम्ही ती वाचलीत असं धरून चालतं. मुदत चुकली तर कोणी ओरडत नाही, पण कोणी थांबतही नाही. वेळेत जाऊन विचारलं तर मात्र माणसं मदतीला बसलेलीच असतात, त्यांना पगारच त्याचा मिळतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे रोज पटतं.

निघण्याआधी

नावापासून सुरुवात करा. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. विद्यापीठाची यंत्रणा ती जशीच्या तशी उचलते आणि मग सायली देशमुखला सगळे ईमेल 'डिअर सायली प्रकाश' म्हणून येतात. हाक मारायचं नाव वेगळं नोंदवायची सोय बहुतेक विद्यापीठांत असते, ती वापरा. पण बँक, सोशल सिक्युरिटी (कमाईच्या सरकारी नोंदीचा क्रमांक), ड्रायव्हिंग लायसन्स या कायदेशीर कागदांवर नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे.

लसीकरणाचे कागद डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह घ्या. गोवर-गालगुंड-रुबेला, म्हणजे एमएमआरचे दोन डोस बहुतेक ठिकाणी लागतात आणि ते नसतील तर कोर्सच्या नोंदणीवर 'होल्ड' येतो, म्हणजे नोंदणी अडते. क्षयाच्या चाचणीची एक गोष्ट आपल्या मुलांना हमखास नडते. लहानपणी बीसीजी घेतलेल्या माणसाची त्वचेवरची चाचणी क्षय नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे, धावपळ, घरी फोन. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. "मला बीसीजी दिलेली आहे, रक्ताची चाचणी चालेल का?" एवढं हेल्थ सेंटरला आधीच विचारून ठेवा.

दात इथेच दाखवून घ्या आणि चष्म्याची एक जास्तीची जोडी करा. विद्यार्थ्यांच्या विम्यात दात आणि डोळे बहुधा नसतात.

सामानाबद्दल आई-मावशी-काकू यांचं एकमत कधी होत नाही, तेव्हा थोडक्यात. मिक्सर नेऊ नका. तिकडे वीज १२० व्होल्टची असते, आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नीट चालत नाही. छोटा कुकर जरूर न्या, सपाट बुडाचा. गोडा मसाला, मेतकूट, कांदा-लसूण मसाला ही सगळी पावडरीची पाकिटं चेक-इन बॅगेत टाका, कारण हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर असेल तर वेगळी तपासणी होते. ताजी फळं आणि कढीपत्त्याची पानं न्यायची नाहीत. कढीपत्त्यावरून लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग पसरतो, म्हणून त्यावर बंदी आहे. बाकी जे खाण्याचं आहे ते विचारल्यावर सरळ सांगून टाका. सांगितलेला पदार्थ फार तर काढून घेतात, लपवलेल्याचा दंड होतो.

आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेलं प्रमाणपत्र), पासपोर्ट, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदयंत्रणा) फी भरल्याची पावती, प्रवेशपत्र आणि पैशांचे पुरावे हातातल्याच बॅगेत ठेवा. आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासूनच प्रवेश मिळतो, त्याच्या आधी नाही. स्वस्तात मिळतंय म्हणून त्याहून लवकरचं तिकीट काढू नका.

पहिले काही दिवस

पोचल्यावर झोप झाली की सरकारी संकेतस्थळावरून आय-९४, म्हणजे देशात प्रवेश केल्याची नोंद, उतरवून घ्या. त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि एफ-१ हा विद्यार्थी व्हिसाचा वर्ग बरोबर आहे का बघा. चूक असेल तर आत्ता दुरुस्त होते, दोन वर्षांनी डोकेदुखी होते. मग इंटरनॅशनल ऑफिसात 'चेक-इन' करा. काही ठिकाणी ते ऑनलाइन असतं, पण केल्याशिवाय होत नाही. त्या कार्यालयातले डीएसओ, म्हणजे तुमच्या सेव्हिस नोंदीची जबाबदारी असलेले अधिकारी, पुढची दोन-तीन वर्षं तुमच्या सगळ्यात कामाचे. घर बदललं तर १० दिवसांच्या आत त्यांना नवा पत्ता कळवायचा असतो, आणि हा नियम मुलं हटकून विसरतात.

बँकेचं खातं पासपोर्ट, आय-२० आणि पत्त्याच्या पुराव्यावर उघडता येतं, त्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर हवाच असं नाही. तो नंबर मुळात नोकरी मिळाल्यावरच मिळतो, नुसतं विद्यार्थी असून नाही. याच दिवसांत एक फोन येऊ शकतो: "मी इमिग्रेशनमधून बोलतोय, तुमच्या नोंदीत घोळ आहे, लगेच दंड भरा, नाहीतर डिपोर्ट करू." पैसे गिफ्ट कार्डवर मागतात. कुठलंही सरकारी खातं गिफ्ट कार्डवर दंड घेत नाही. फोन ठेवा आणि डीएसओला कळवा.

वर्गात

पहिल्या तासाला प्रत्येक कोर्सचा सिलॅबस मिळतो. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. इथला सिलॅबस करारासारखा वाचायचा असतो. गृहपाठाला किती टक्के, मिडटर्मला किती, उशीर झाला तर रोज किती गुण कापणार, कोणाची मदत घेतलेली चालते, एआय वापरलेलं चालतं की नाही, सगळं त्यात असतं. पहिल्या रविवारी चारही सिलॅबस समोर ठेवून तारखा कॅलेंडरमध्ये भरा. वर्षाच्या शेवटी एकच पेपर देऊन निभावून नेण्याची सवय असलेल्यांना इथली दर आठवड्याची कामं सुरुवातीला नकोशी होतात, पण सगळा भार एका दिवसावर पडत नाही हेही खरंच.

आता ऑफिस अवर्स. प्राध्यापक किंवा त्यांचे टीए, म्हणजे शिकवण्यात मदत करणारे सीनिअर विद्यार्थी, ठरलेल्या वेळी केवळ विद्यार्थ्यांसाठी बसतात ते हे तास. आपल्याला सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे काहीतरी बिघडलंय असंच वाटतं, त्यामुळे आपली हुशार मुलंही जात नाहीत आणि पहिल्या मिडटर्मनंतर तोंड पाडून बसतात. जा. रिकाम्या हाताने नको, वही घेऊन. "मला काहीच समजलं नाही" म्हटलं तर समोरचाही गोंधळतो. "तिसऱ्या प्रश्नात इथपर्यंत आलो, पुढे ही पायरी का चालत नाही?" असं विचारलं की वीस मिनिटांत गाठ सुटते. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. रिसर्चमध्ये काम हवं असेल तर तेही इथेच विचारायचं, मात्र त्यांचा एखादा पेपर वाचून.

ईमेल लिहिताना 'रिस्पेक्टेड सर' नको. 'डिअर प्रोफेसर' आणि पुढे आडनाव, इतकं पुरे. त्यांनी उत्तराखाली नुसतं पहिलं नाव लिहिलं तर पुढच्या वेळी त्या नावाने हाक मारायला हरकत नाही. पहिल्यांदा 'टॉम' म्हणताना जीभ अडखळते, ती अडखळू द्या. विषयाच्या ओळीत कोर्सचा क्रमांक घाला. मजकूर चार ओळींचा: मी कोण, कुठल्या वर्गात, काय अडलंय, काय हवंय. आजी आजारी आहे, काल लाइट गेले होते, बसही चुकली अशी तीन कारणं एकत्र देऊ नका. एक खरं कारण मुदतीच्या आधी सांगितलेलं बरं. मुदत उलटून गेल्यावर पाठवलेल्या विनवणीला सहसा नम्र नकार येतो.

नकलेच्या बाबतीत जरा स्पष्टच बोलायला हवं. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवून काढणं हे जवळजवळ सामूहिक कार्य असतं. कोणाला त्यात गैर वाटत नाही, खुद्द तपासणाऱ्यालाही नाही. तीच सवय घेऊन आलात तर इथे पहिल्याच सेमिस्टरला समितीपुढे उभं राहावं लागेल. देणारा आणि घेणारा दोघंही सारखेच दोषी धरले जातात. कोडमधली व्हेरिएबलची नावं बदलून उपयोग नाही, मॉससारखी सॉफ्टवेअरं रचनेवरूनच साम्य ओळखतात. शिक्षा त्या गृहपाठात शून्यापासून विद्यापीठातून काढून टाकण्यापर्यंत काहीही असू शकते, आणि काढून टाकलं तर एफ-१ सुद्धा जातो. मित्राबरोबर चर्चा चालते का, इंटरनेटवरचा तुकडा उल्लेख करून वापरला तर चालतो का, हे प्रत्येक कोर्समध्ये वेगळं असतं. शंका आली की प्राध्यापकांना ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

कोर्स झेपत नसेल तर तो सोडण्याआधी डीएसओकडे जा, नंतर नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला 'फुल टाइम' राहण्यासाठी बहुतेक विद्यापीठांत ९ क्रेडिट लागतात, आणि त्या मोजणीत ऑनलाइन वर्गाचे फार तर ३ क्रेडिट धरले जातात. परवानगीशिवाय खाली गेलात तर व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, ३.० च्या खाली गेला की बऱ्याच ठिकाणी प्रोबेशन लागतं आणि असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातलं पगारी सहाय्यकाचं काम, असेल तर तीही डळमळते.

घरच्यांसाठीही एक सूचना. १९७४ च्या फर्पा कायद्याप्रमाणे मुलाच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ आईवडिलांना गुण सांगत नाही. फी बाबांनी भरलेली असली तरी नाही. त्यांनी थेट प्राध्यापकांना फोन करू नये, हे निघण्यापूर्वीच गोडीत सांगून ठेवा.

घर आणि स्वयंपाकघर

भाडेकरार सहसा १२ महिन्यांचा असतो. चौघांनी एकाच करारावर सही केली असेल तर बहुतेक वेळा एक जण निघून गेल्यावर त्याचा वाटा उरलेल्या तिघांवर येतो. वेगवेगळे करार मिळतील का, हे विचारा. हीटिंग भाड्यात आहे की वेगळं, हे थंड राज्यांत नक्की विचारा. घर न बघता, कोणी ओळखीच्या माणसाने बघितल्याशिवाय, अनामत पाठवू नका. राहायला जाल त्या दिवशी भिंती, गालिचा, ओव्हन यांचे फोटो काढून घरमालकाला ईमेल करा. वर्षाअखेरीस अनामत परत मागताना तेच कामी येतात.

फुकट फर्निचरचा मोह आवरा. लाकडी टेबल-खुर्ची रस्त्यावरून उचललीत तर ठीक, पण गादी आणि सोफा अजिबात नको. ढेकूण एकदा आत आले की ते घालवायचा खर्च नव्या गादीच्या कितीतरी पट होतो.

आणि फोडणी. बऱ्याच अपार्टमेंटमध्ये शेगडीवरचा पंखा धूर बाहेर नेत नाही, जाळीतून गाळून खोलीतच परत सोडतो. तेल तापून मोहरी तडतडली, सुक्या मिरच्या पडल्या आणि तिसऱ्या क्षणाला छतावरचा अलार्म कोकलायला लागतो. हॉस्टेलसारख्या इमारतीत तो अलार्म थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो, मग सगळी इमारत चपला-पायजम्यात खाली जमते आणि सगळ्यांची नजर तुमच्याकडे. अलार्मला प्लॅस्टिकची पिशवी बांधायचा सल्ला सीनिअर देतील, पण तो नियमभंग आहे आणि त्याला दंड असतो. खिडकी आधी उघडा, तिच्यात बाहेरच्या दिशेने तोंड करून एक टेबलफॅन ठेवा, आच मंद ठेवा, झाकण हाताशी असू द्या. मिरच्या तेलाऐवजी शेवटी डाळीत टाकल्या तर खमंगपणा जरा कमी होतो, शांतता वाढते.

न्हाणीघरात जमिनीला मोरी नसते. शॉवरचा पडदा टबच्या आत सोडायचा, नाहीतर पाणी खालच्या मजल्यावर टपकतं आणि दुरुस्तीचं बिल तुमच्या नावावर येतं.

आजारपण आणि पैसे

विमा घेतला की सगळं फुकट, हा गैरसमज पहिल्या बिलापर्यंत टिकतो. समजा तुमचं डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, ५०० डॉलर आणि त्यापुढचा तुमचा वाटा २० टक्के आहे. बिल २,००० डॉलरचं आलं तर पहिले ५०० तुमचे, उरलेल्या १,५०० चे २० टक्के म्हणजे ३०० पुन्हा तुमचेच. एकूण ८००. म्हणून ताप, पोटदुखी, खोकला यासाठी आधी कॅम्पसचं हेल्थ सेंटर, ते बंद असेल तर अर्जंट केअर, म्हणजे वेळ न ठरवता जाता येणारा दवाखाना. इमर्जन्सी रूम खऱ्या जिवावरच्या प्रसंगासाठी, आणि तशी वेळ आली तर मात्र पैशांचा विचार न करता ९११ हा आपत्कालीन क्रमांक. कुठेही जाण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: "तुम्ही माझ्या विम्याच्या नेटवर्कमध्ये आहात का?"

क्रेडिट कार्ड सुरुवातीला अनामत ठेवून मिळणारं, 'सिक्युअर्ड' घ्या. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापरा आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरा. पुढे घर भाड्याने घेताना याच इतिहासाची चौकशी होते. बसून जेवायच्या हॉटेलात १५ ते २० टक्के टिप धरूनच ऑर्डर द्या. दुकानातल्या किमतीवर बहुतेक राज्यांत विक्रीकर काउंटरवर वेगळा लागतो.

माणसं

वाटेत भेटलेला माणूस "हाउ आर यू" म्हणत पुढे निघून जातो, त्याला तब्येतीचा अहवाल नको असतो. "आपण कधीतरी भेटूया" हेही बऱ्याचदा नुसतं गोड बोलणं असतं. ते खरं करायचं तर दिवस आणि वेळ तुम्हीच सुचवा, "गुरुवारी चारला कॉफी?" लोक आनंदाने येतात. पार्टीला बोलावलं आणि 'पॉटलक' लिहिलेलं असेल तर एक पदार्थ न्यायचा. बटाट्याची सुकी भाजी आणि पोळ्यांचे तुकडे कुठेही संपतात. कोणाला काजू-शेंगदाणे चालत नाहीत हे आधी विचारा, दाण्याचं कूट आपण न सांगता सगळीकडे घालतो आणि इथे ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

नाव चुकीचं उच्चारलं तर हसून दुरुस्त करा, दोनदा-तीनदा करा. 'ज्ञानेश्वर'चा 'नेट' करून घ्यायची काही गरज नाही.

चार मराठी मुलांनी एका घरात राहणं सोयीचं असतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण वर्ग, प्रोजेक्ट, जेवण, शनिवार सगळं त्याच चौघांत गेलं तर दोन वर्षांनी मुलाखतीत बोलताना अडतं. एक तरी प्रोजेक्ट गट असा निवडा जिथे तुमच्याशिवाय कोणाला मराठी किंवा हिंदी येत नाही. गणपतीला जवळच्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळात जरूर जा. अशी मंडळं उत्तर अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत, त्यांची शिखर संस्था बृहन्महाराष्ट्र मंडळ. आरतीनंतर पंगतीत बसलेल्या काकू-काकांपैकी कोणीतरी तुमच्याच क्षेत्रात वीस वर्षं काम करत असतं, आणि त्यांनाही विचारलेलं आवडतं.

गाडी चालवताना पोलिसाने थांबवलं तर आपल्यासारखं उतरून त्याच्याकडे जायचं नाही. गाडीत बसून राहा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. दारूला वय २१ पूर्ण लागतं, आणि पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलात तर व्हिसा रद्द होऊ शकतो. गांजा काही राज्यांत दुकानात विकला जातो, तरी केंद्रीय कायद्याने तो गुन्हाच आहे आणि तुमचा व्हिसा केंद्राच्या हातात आहे.

नोव्हेंबर

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. न्यूयॉर्क आणि भारतातलं अंतर साडेनऊ तासांवरून साडेदहा होतं, आईच्या फोनची वेळ चुकते आणि संध्याकाळी पाचला काळोख पडतो. दिवाळी परीक्षांच्या धामधुमीत निघून गेलेली असते. याच सुमारास अनेकांचं मन बसतं. १८८३ मध्ये अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियात शिकून १८८६ मध्ये डॉक्टरकी मिळवली, पण तिथली थंडी आणि न मानवणारं जेवण यांनी आधीच नाजूक असलेली त्यांची तब्येत आणखी ढासळली. तेव्हा जाडजूड कोट तिथेच घ्या, पुण्यात घेतलेलं जॅकेट मिनेसोटात पुरत नाही. आणि नूडल्सवर दिवस काढू नका, वरणभात लावायला अर्धा तास लागतो.

झोप उडाली, वर्गाला जावंसं वाटत नाही, असं दोन आठवडे चाललं तर कॅम्पसच्या काउन्सेलिंग सेंटरची वेळ घ्या. त्याचे पैसे बहुधा तुमच्या फीमध्ये आधीच गेलेले असतात, गुणपत्रिकेवर त्याची नोंद होत नाही, घरी कोणी कळवत नाही. अगदीच असह्य झालं तर ९८८ हा मानसिक संकटातल्यांसाठीचा मदत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोनवर आणि मेसेजवरही.

काम आणि कागद

उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठीचे करिअर फेअर सप्टेंबरातच सुरू होतात, म्हणजे तुम्ही पोचल्यावर काही आठवड्यांत. एका पानाचा रेझ्युमे भारतातूनच करून आणा आणि करिअर सेंटरमध्ये तपासून घ्या.

सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. कॅम्पसबाहेर पेट्रोल पंपावर किंवा मोटेलमध्ये रोखीने काम मिळेल, 'कोणाला कळतंय' असं सांगणाराही भेटेल. तिकडे फिरकू नका, त्यात सगळा व्हिसा पणाला लागतो. इंटर्नशिपसाठीचं सीपीटी, म्हणजे शिकतानाच कॅम्पसबाहेर काम करायची परवानगी, साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर मिळतं. फुल टाइम सीपीटी १२ महिने किंवा जास्त झालं तर त्या पदवीवरचं ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची परवानगी, हातचं जातं. ओपीटी १२ महिन्यांचं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ. हे नियम बदलत असतात, म्हणून ग्रुपवरच्या फॉरवर्डवर न जाता डीएसओला विचारा.

एप्रिलमध्ये कर. कमाई शून्य असली तरी फॉर्म ८८४३ भरायचा असतो. पगार मिळाला असेल तर १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचा कर फॉर्म, १५ एप्रिलच्या आत. अमेरिकन मित्र वापरतात ती नेहमीची सॉफ्टवेअरं रहिवाशांचा फॉर्म भरतात, तो तुमचा नव्हे. बहुतेक विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं सॉफ्टवेअर देतात, ते कुठलं हे फेब्रुवारीत विचारा. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर करारानुसार स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, जे इतर बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. पगाराच्या पावतीवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात दिसली तर पेरोलच्या खिडकीवर जा. एफ-१ विद्यार्थ्यांना पहिली पाच कॅलेंडर वर्षं ती लागू नसते.

मे महिन्यात घरी जायचं असेल तर आय-२० च्या दुसऱ्या पानावर डीएसओची प्रवासासाठीची सही लागते आणि ती एक वर्षाच्या आतली हवी. परीक्षेच्या आठवड्यात त्या कार्यालयाबाहेर रांग असते, एप्रिलच्या मध्यालाच घेऊन टाका.